इथे राहत नाही

“अगं, दार उघडू नकोस!” मी भिंतीवर चपलेनं ठोकत ओरडले. “नोरीन, ऐकतेस ना? बेलिफ आहे तो!”

ग्रिम्सबीतल्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. मला नोरीनचा खोकला ऐकू येतो, मग तिला माझा आवाज काय ऐकू येणार नाही? पण पलीकडे कडी निघाली. मी कपाळावर हात मारला आणि परसातून सरळ तिच्या घरात घुसले.

बेलिफ, म्हणजे थकलेला दंड वसूल करायला येणारा कोर्टाचा माणूस, काय असतो ते मला विचारा. आमचे हे होते तेव्हा आमच्या दारात बेलिफ तीन वेळा येऊन गेले. त्यातून मी जे शिकले ते अख्ख्या गल्लीला शिकवलं. दाराला कडी, बोलायचं ते दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून. आणि घर सोडून गेलेल्या माणसाच्या नावानं पत्र आलं, तर पाकिटावर ‘इथे राहत नाही’ असं ठळक लिहून ते परत टपालपेटीत टाकायचं. एवढं साधं काम. नोरीनला तर साध्या पेनची शाई दिसत नाही म्हणून मी जाड पेनसुद्धा आणून दिलं होतं.

तो दिवाणखान्यात उभा होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, छातीवर बिल्ला. नाव डटन म्हणाला.

“तुम्ही कोण? वकील?”

“शेजारीण. वकिलापेक्षा वाईट.”

तो हसला नाही. वसुलीचं वॉरंट शेनच्या नावाचं होतं. शेन म्हणजे नोरीनचा मुलगा. विनातिकीट रेल्वेनं गेला, कोर्टात हजर राहिला नाही. दंड आणि खर्च मिळून दोनशे चौऱ्याऐंशी पौंड. पत्र पाठवल्याची फी पंचाहत्तर.

“आणि आज मी आलो त्याचे दोनशे पस्तीस.”

“दार वाजवायचे दोनशे पस्तीस?” मी म्हणाले. “अहो, एवढ्यात मी तुमच्यासाठी वर्षभर दारं वाजवीन!”

“दर मी ठरवत नाही, बाई.”

“आणि तू काय गं?” मी नोरीनकडे वळले. “पत्र आलं होतं?”

“तीन आठवडे झाले,” नोरीन म्हणाली.

तरीच! तीन आठवडे या बाईचं काही खरं नव्हतं. पायरी दिवसातून दोनदा धुवायची, गाडी थांबली की पडदा सरकवायची, अर्धा चहा टाकून खिडकीशी जायची. मला वाटलं, दात दुखतोय. वर्षभर ती एकाच बाजूनं चावते. सरकारी दवाखान्यात नंबर लागत नाही म्हणून खासगी डॉक्टरसाठी पैसे साठवत होती. पण ती तर या माणसाची वाट बघत होती!

“तुम्ही पाहिलंत का त्याला?” तिनं बेलिफला विचारलं.

“कुणाला?”

“शेनला.”

“नाही हो. माझ्याकडे फक्त कागद येतो.”

“मग कागदात काय आहे? सगळं वाचा ना.”

त्यानं हातातल्या यंत्रावर बोट फिरवलं. “एकोणीस फेब्रुवारी. कार्लाइलला गाडीतून उतरवला. नाव विचारलं, सांगितलं. पत्ता विचारला, तो हा सांगितला.”

“त्यानं स्वतः?”

“दुसरं कोण सांगणार?”

नोरीन खाली बसली. चार वर्षांत शेनचा फोन नाही, चिठ्ठी नाही. जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. त्याला घराबाहेर काढलं ते तिनंच, दारूपायी. त्याची बॅग पायरीवर नेऊन ठेवायला हात मी दिला होता. ‘एकदा कडक हो, सुधारेल,’ असं सांगणारीही मीच.

“हे बघा,” बेलिफ म्हणाला, “तो इथे राहत नसेल तर तुम्हाला एक पेनी भरायची गरज नाही. कौन्सिलच्या कराचं बिल दाखवा. एकट्या राहता म्हणून सूट असेल त्यात. मी शेरा मारतो आणि निघतो.”

“आहे ना सूट! पाव सूट आहे,” मी कपाटाकडे धावले. बिल कुठल्या खणात असतं ते मला माहीत होतं.

“शेरा मारला की काय होतं?” नोरीननं विचारलं.

“काही नाही. हा पत्ता त्याच्या नावावरून निघतो. पुन्हा तुम्हाला त्रास नाही.”

“मग त्याचा पत्ता काय राहणार?”

“पत्ता नाही, असं लिहितात.”

मी खण उघडला होता. बिल वरच होतं. नोरीन उठली, माझ्या हातावर हात ठेवला आणि खण लावला. जोर केला नाही, पण माझी पुन्हा उघडायची छाती झाली नाही.

“तो इथेच राहतो,” ती म्हणाली. “आत्ता बाहेर गेलाय.”

“नोरीन, अगं वेडी झालीस का? सूट जाईल! दाताचे पैसे—”

“तू गप्प बस. तेव्हा तुझं ऐकलं ना मी? आता नाही ऐकायची.”

मी कपाटापासून बाजूला झाले. बोलायला तोंड कुठे होतं मला?

बेलिफ आम्हा दोघींकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं असणार, एवढा काही मूर्ख नव्हता. “मॅडम, नीट विचार करा,” तो हळू म्हणाला. “खरंच भरायची गरज नाही.”

“किती झाले म्हणालात?”

“पाचशे चौऱ्याण्णव.”

तिनं वरच्या खोलीतून दाताच्या पैशांचं पाकीट आणलं आणि नोटा टेबलावर मोजून दिल्या. पावती कुणाच्या नावानं, असं त्यानं विचारलं. शेन ट्रँटर, ती म्हणाली, आणि मागोमाग घराचा नंबर, गल्ली, पिनकोड सगळं सावकाश सांगितलं, जणू त्याला ते माहीतच नव्हतं. त्यानंही सगळं मुकाट्यानं टिपून घेतलं.

जाताना तो दाराशी अवघडला. माणूस वाईट नव्हता. काहीतरी बरं बोलावं असं त्याला वाटलं असावं.

“चला, मिटलं सगळं,” तो म्हणाला. “आता आमच्यापैकी कुणी पुन्हा तुमच्या दारात यायला नको.”

“असं नका हो म्हणू,” नोरीन म्हणाली.