अगदालाची होडी

साहेब, सरकारी कचेरीत बसून तुम्ही खोटं बोललात. तोंडातली खजुराची बीसुद्धा न काढता तुम्ही म्हणालात, “तळ्याचं भांडण मिटलं.” कुणाचं मिटलं? त्या तळ्यात तुम्ही कधी पाय तरी बुडवलात का? मी त्या तळ्याची होडी आहे. मला कुणी विचारलं नाही, तरी मी बोलणार.

मित्रांनो, दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही.

मी अॅटलसच्या डोंगरातली जुनी होडी आहे. वादळात पडलेल्या देवदारापासून मीमून सुताराने मला घडवलं. उभं झाड त्याने तोडलं नाही. तसं करणाऱ्याच्या घरी आमच्याकडे कुणी चहा पीत नाही. मीमूनने माझ्या फटींत लोकर ठोकली, वर डांबर फासलं आणि म्हणाला, “जा बये. बुडायचं असेल तर आत्ताच बुड, नंतर माझं नाव घालवू नकोस.” मी बुडाले नाही.

मी कुणा एकाची नव्हते. मी जमातीची होते, म्हणजे तळ्याकाठच्या सगळ्या घरांची. आणि माझं काम मासे पकडणं नव्हतं, पकडू न देणं होतं. हसू नका. डोंगरावरचं बर्फ वितळलं की आमच्या तळ्याला अगदाल लागतो. अगदाल म्हणजे बंदी. झऱ्याचा ओढा तळ्याला मिळतो, तिथल्या गोट्यांवर मिशाळ माशांच्या माद्या अंडी घालायला येतात. जवाची कापणी होईपर्यंत तिथे गळ नाही, जाळं नाही, खडासुद्धा मारायचा नाही. जमात एक राखणदार निवडते. आमचा राखणदार बास्सू. तो मला ओढ्याच्या तोंडाशी आडवी लावायचा आणि चोरट्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. कापणी झाली की अगदाल उठायचा. माशांची पहिली खेप माझ्यातून यायची आणि आधी विधवांच्या घरी जायची. त्या दिवशी बायका माझ्या टोकाला लोणी लावायच्या. असा मान होता माझा.

मग, साहेब, तुम्ही आमचं तळं एका सहल कंपनीला भाड्याने दिलंत. तार आली, फाटक आलं, फाटकावर पाटी आली: ‘खाजगी तळे. वाटाड्यासह मासेमारीची सहल. नवशिक्यापासून पट्टीच्या गळवाल्यापर्यंत सर्वांसाठी. मासा हमखास.’ पाटीमागून सी नौफल आला, ‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्रीयुत’, कंपनीचा शहरातला व्यवस्थापक, बूट असे की चिखलालाच लाज वाटावी. त्याने मला निळा रंग फासला, आत गाद्या घातल्या. दोन कोरड्या सालांत बास्सूच्या मेंढ्या संपल्या होत्या, म्हणून तो वाटाड्या झाला. त्याची सासू तूदा तारेपलीकडून म्हणाली, “काय जावईबापू, कालपर्यंत तळं राखत होतात, आता विकायला बसलात?”

“मामी, तुमची लेक त्याच पगारावर जेवते.”

“जेवते कसली! तोंड फिरवून गिळते. कधी बघितलंत का तिच्याकडे?”

आणि ते पाहुणे! पट्टीचे म्हणे! एका गृहस्थाने स्वतःच्याच टोपीला गळ अडकवला आणि “मोठा आहे, मोठा आहे!” म्हणून बोंब ठोकली. एक बाई माशांना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत होत्या, शेजारी नवऱ्याचा फोन गळा काढून गात होता. पिठाची गोळी बास्सूने लावायची, गळ बास्सूने फेकायचा, मासा बास्सूने ओढायचा, मग दांडी पाहुण्याच्या हातात द्यायची आणि “वा, काय हात आहे तुमचा!” म्हणायचं. याला सहल म्हणतात.

पण गळाला लागायचं की नाही, हे मासा पाटी वाचून ठरवत नाही. त्या वसंतात टोपीवाले गृहस्थ पुन्हा आले, सोबत चार मित्र घेऊन. सकाळ गेली, दुपार गेली, कुणाची दोरी हलली नाही. सी नौफल स्वतः माझ्यात बसला होता. तो बास्सूच्या कानाशी वाकला.

“ओढ्याकडे घे.”

“अगदाल आहे, सी नौफल.”

“अगदाल तुमच्या शेळ्यांना सांग. पाटीवर काय लिहिलंय?”

“हमखास.”

“मग? तुला जमत नसेल तर उद्या दुसरा येईल. वल्ह्याला काय, कुणाचेही हात चालतात.”

बास्सूचे हात थांबले. मग चालले.

ओढ्याच्या तोंडाशी माद्या इतक्या दाट होत्या की आंधळ्यालाही मासा मिळाला असता. हीच ती ‘सर्वांसाठी’ मासेमारी! टोपीवाल्याने एकामागून एक मासे ओढले आणि प्रत्येक वेळी छाती फुगवली. पोटाने जड झालेल्या बाईला चालताना ढकलून द्यायचं आणि म्हणायचं, मी पैलवान आहे. एका मादीचं पोट माझ्या फळीवर फुटलं. पिवळी अंडी माझ्या फटींत गेली.

“शी! ही घाण कसली?” टोपीवाल्याने विचारलं.

“पुढच्या सालचे मासे,” बास्सू म्हणाला.

टोपीवाल्याने बूट माझ्याच गादीला पुसला.

तूदा मेंढ्या घेऊन तारेपलीकडे उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. “कुंपणानंच शेत खाल्लं गं बाई!”

जमात बसली. आमच्याकडे अगदाल मोडणाऱ्याला एकच दंड असतो. त्याने मेंढी कापून साऱ्या जमातीला जेवू घालायचं. बास्सू उभा राहिला आणि म्हणाला, “वल्हं माझं, हुकूम त्याचा.” जमातीचा म्हातारा मुखिया हद्दूआजा म्हणाला, “मग गुन्हा दोघांचा. तुझ्याकडे मेंढी नाही, त्याच्याकडे आहे. चला.”

सगळे म्हातारे धुतलेले पांढरे झगे घालून फाटकातून आत गेले, सी नौफलच्या अंगणात बसले आणि हद्दूआजा म्हणाला, “जेवायला वाढ.” दंड मागायची आमची हीच रीत. कुणी गुन्हा तोंडावर फेकत नाही. वाढणाऱ्याला तो ठाऊक असतो, असं धरून चालतात. चार भिंतींआड लाज शिल्लक असेल अशा माणसांसाठी केलेली ती रीत. सी नौफलला लाजच नव्हती, तर ठाऊक कसं असणार?

त्याला वाटलं, म्हातारे पाहुण्यांच्या स्वागताला आले! त्याने दोन मेंढ्या कापल्या, कुस्कुसचे डोंगर लावले. पाहुणे टाळ्या वाजवत म्हाताऱ्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. शेवटी हद्दूआजाने हात वर करून दुआ मागितली, “या घराचा गुन्हा धुतला जावो.” सगळ्यांत मोठ्याने “आमीन!” कोण म्हणालं असेल? सी नौफल.

परतताना म्हातारे खूश. “माणूस वाईट नाही. एका शब्दात कबूल झाला.”

“कबूल?” तूदा वाटेत आडवी आली. “आजा, त्याने तुम्हाला अस्वलासारखं नाचवलं.”

“गप गं. मांस मऊ होतं.”

आठवड्यात पाटीवर नवी ओळ आली: ‘शिवाय जमातीच्या वडीलधाऱ्यांसोबत पारंपरिक मेजवानी.’ आणि माझी रोज ओढ्याच्या तोंडाशी फेरी सुरू झाली. हद्दूआजाने निरोप धाडला, अगदाल पुन्हा मोडला. उत्तर आलं, शुक्रवारी या, पांढरे झगे घालून या. नवा गुन्हा, नवा दंड, नवी मेजवानी, नवे फोटो. आमच्या हातात एकच काठी होती, ती त्याने दुकानात टांगली. शरमेने हद्दूआजाने बाहेर पडणं सोडलं. बास्सूने वल्हं सी नौफलच्या पायाशी टाकलं आणि तूदाला घेऊन, साहेब, तुमच्या कचेरीत आला.

तुम्ही विचारलंत, “तुमच्या रीतीने दंड झाला?”

“झाला.”

“जेवलात?”

“म्हातारे जेवले,” तूदा म्हणाली.

“मग तुमच्याच रीतीने मिटलं. आता आम्ही कशाला मध्ये पडू?”

वा! आमच्या बापजाद्यांची रीत तुम्हाला कधी आठवली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी आठवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की जुन्या वस्तू जपा. मी तसलं काही सांगणार नाही. माझा रंग गेला, डांबर गेलं, गाद्यांखाली पाणी साचतं, तरी मला कुणी जपू नका. मला जपायला म्हणून निळी केली तेव्हाच माझं वाटोळं झालं. मी कशासाठी होते ते जपा. तुमच्या गावात एखादं ओढ्याचं तोंड असेल. तिथे कुणी ‘हमखास’ म्हणाला, की आधी विचारा, हमखास कुणाच्या पोटातून?

यंदा बर्फ वितळलं. ओढ्याचं पाणी आरशासारखं आहे, तळचा गोटान्‌गोटा दिसतो. एकही मादी आली नाही. सी नौफल टँकरने मासे आणून सोडायच्या गोष्टी करतो. बास्सू रोज सकाळी तारेबाहेर त्याच जागेसमोर उभा राहतो आणि रिकामं पाणी राखतो. कुणी विचारलं तर म्हणतो, “एखादी चुकून आली तर?”

साहेब, तुम्हाला मी एवढंच विचारते. तारेआत गेलेलं ते ओढ्याचं तोंड जमातीला परत कधी देता? ‘बघू’ नको, ‘चौकशी करू’ नको. कधी? बोला.