घ्यायला येणारा माणूस

थर्मासचं झाकण फिरतानाचा तो बारीक, कुरकुरता आवाज आणि त्यामागोमाग दरवळणारी आल्याची, गवती चहाची वाफ. अरविंददादा मला आठवतो तो असा. आधी कानांना, मग नाकाला आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना. जुलैतली सकाळ होती. पुण्याचा ओला, हिरवा आषाढ मागे टाकून मी सिडनीच्या विमानतळाबाहेर पडले तेव्हा इथे ऐन हिवाळा होता; ऊन लख्ख होतं, पण त्यात ऊब नावालाही नव्हती. आणि समोरच्या असंख्य अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीत, मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर, आतल्या पांढऱ्या बाजूला जाड मार्करने लिहिलेलं माझं नाव होतं. मेधा. तेही देवनागरीत. मला एकदम रडू फुटलं. झाकण धरून उभ्या असलेल्या, किंचित पोक आलेल्या त्या उंच माणसाने काही एक न विचारता चहा ओतायला घेतला.

तसा तो माझा कुणीच नव्हता. एका मैत्रिणीच्या दूरच्या नात्यातला, एवढाच काय तो धागा. सिडनीच्या हॅरिस पार्क या उपनगरात मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा, लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, आणि तिकडून शिकायला येणाऱ्या ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला घ्यायला विमानतळावर जायचा. खालच्या दुकानातून खोक्याचं झाकण मागून आणायचं, त्यावर नाव लिहायचं, थर्मास भरायचा, हा त्याचा शिरस्ता. दार सरकलं की तो टाचा उंचावायचा आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे, मग तो आपल्या माणसाचा असो वा नसो, क्षणभर हसून पाहायचा. त्या हसण्यात देवघरातल्या समईसारखा निवांत उजेड असे. दमून-भागून आलेली परकी माणसंही नकळत हसायची, आणि मग हा आपला कोण, म्हणून गोंधळून पुढे जायची.

त्या दिवशी मला वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत सोडायला येताना, डाव्या हाताला निळाभोर समुद्र उलगडत असताना, तो एकदाच म्हणाला, "माझ्या वेळी एकजण येणार होता. नाही आला. तीन तास बाकावर बसून होतो." आणि लगेच, "तो डोंगर बघ, कसा कुशीत घेतो गावाला!" असं म्हणून त्याने विषय बदलला. मला वाटलं, मला हा माणूस कळला. जे आपल्याला मिळालं नाही, तेच माणूस दोन्ही हातांनी दुसऱ्याला वाटत सुटतो. त्याच्या सगळ्या धावपळीचं मूळ त्या बाकावर होतं. माझं हे शहाणपण अर्धवट होतं. वाटून झालं म्हणजे माणसाची स्वतःची भूक भागते, असं मी धरून चालले होते.

दर दोन वर्षांनी तो आईला भेटायला साताऱ्याला जायचा. परतायच्या वेळी आम्ही, म्हणजे त्यानेच कधीतरी घेऊन आलेली मंडळी, फोनवर विचारायचो, "घ्यायला येऊ का?" त्याचं उत्तर ठरलेलं: "छे, कशाला! सरळ ट्रेन आहे." आणि आम्ही गप्प बसायचो. आता आमच्या घरांत 'नको' हे काही उत्तर नसतं, ती बोलण्याची सुरुवात असते. पाहुणा नको म्हणतो, यजमान वाढतो, पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, आणि त्या हाताच्या फटीतून जिलबी बरोबर ताटात पडते. पण इथे राहून आम्ही सुधारलो होतो. इथे नको म्हणजे नको. पुन्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा. शिस्त चांगलीच आहे, मला पटतेही. फक्त ती आम्ही नेमकी अशा माणसाला लावली, ज्याचं 'नको' अजून साताऱ्याचंच होतं. बारा वर्षांत मी त्याला एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

यंदा त्याची आई गेली. पंधरा दिवसांसाठी गेलेला दादा दोन महिने तिकडेच राहिला. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज तोच, पण चहा निवल्यावर लागतो तसा.

"माझी ताई म्हणते, आता इथेच राहा. पुढच्या आठवड्यात येतोय, खोली सोडायची नोटीस देऊन टाकतो. तिकडे तरी माझी वाट बघणारं कोण आहे गं?" असं म्हणून तो हसला.

हा माणूस नसलेलं सिडनी मी कधी पाहिलंच नव्हतं. तरी मी जे नेहमी विचारते तेच विचारलं, "घ्यायला येऊ का?"

"छे गं, कशाला! सरळ ट्रेन आहे."

"बरं. नो वरीज," मी म्हणाले. सवय, दुसरं काय!

फोन स्पीकरवर होता, आणि माझी आठ वर्षांची इरा शेजारी चित्र रंगवत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, ही सेड नो लाइक यू से नो."

"म्हणजे कसं?"

"लाइक व्हेन यू गेट अ सेकंड लाडू. यू से नको नको, अँड देन यू ईट इट."

जे बारा वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही, ते या पोरीने लाडू खाता खाता टिपून ठेवलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

नोव्हेंबरातली ती सकाळ. वाटेवर जागोजागी जॅकरँडाची झाडं फुललेली, खाली जांभळा सडा पडलेला, आणि बाजूच्या सीटवर मी भरलेला थर्मास. बारा वर्षं कपाटात जपून ठेवलेलं ते झाकण मी बाहेर काढलं होतं. त्यावरच्या माझ्या नावाखाली इराने वाकड्यातिकड्या अक्षरांत 'अरविंदमामा' लिहिलं होतं. विमान उतरून तास झाला. दार सरकत होतं, मिटत होतं. त्यातून येणारे चेहरे आपापली माणसं शोधून उजळत होते. दादा काही येईना. तो आलाच नसेल तर, तिकीट रद्द केलं असेल तर, असे नाही नाही ते विचार डोक्यात यायला लागले.

आणि मग तो आला. आईच्या दिवसांत काढलेले केस नुकतेच वाढू लागलेले, पोक जरा वाढलेलं. ट्रॉली ढकलत, नजर फरशीवर ठेवून तो आमच्या अगदी समोरून गेला, आणि त्याने मान वर केली नाही. मला धक्काच बसला. येणाऱ्या प्रत्येक परक्या चेहऱ्याकडे हसून पाहणारा हा माणूस वाट पाहणाऱ्या गर्दीकडे ढुंकूनही बघत नव्हता. तिथे आपल्यासाठी कुणी नसतं, हे त्याच्या मानेने कधीच पाठ करून टाकलं होतं.

"अरविंदमामा! ओव्हर हिअर!" इरा ओरडली.

तो थबकला, वळला. आधी त्याला झाकण दिसलं, त्यावरचं स्वतःचंच अक्षर दिसलं, मग खालचं नाव, मग आम्ही. हातात तयार ठेवलेलं ट्रेनचं कार्ड त्याने हळूच खिशात टाकलं.

"कशाला आलात?" तो म्हणाला, आणि ट्रॉलीवरच्या बॅगेवर मटकन बसला.

मी काही न विचारता चहा ओतला. त्याने दोन घोट घेतले. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसले नाहीत. "आलं कमी पडलंय," एवढंच म्हणाला. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच त्या गर्दीत खदाखदा हसले.

हॅरिस पार्क येईपर्यंत तो खिडकीबाहेरचं ऊन बघत होता. मग म्हणाला, "रविवारी नाशिकची एक मुलगी येतेय. सकाळचं विमान आहे."

"तू तर खोली सोडणार होतास ना?"

"नोटीस कुठे दिलीय अजून?" गाडी थांबली. तो उतरला, दाराला धरून घुटमळला, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला जाईन. परत येताना येशील का घ्यायला?"

"येईन," मी म्हणाले. बारा वर्षांत त्याने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

आता तो आहे, त्याच्या खोल्या आहेत, रविवारचे थर्मास आहेत; सगळं पूर्ववत आहे आणि माझा जीव भांड्यात पडला आहे. तरी विमानतळाचं ते सरकतं दार मनात उघडलं, की त्यातून मान खाली घालून एकटाच चालत येणारा दादा दिसतो, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. गेलेला काळ परत जगता येत नाही, पण मी जिथे नव्हते, त्या सगळ्या सकाळी आता मला लख्ख आठवतात.