शेवटचा तुकडा कुणाचा

केक काही केल्या संपेना.

पडद्यावर एक गोल टेबल होतं, भोवती चार गुबगुबीत बाहुल्या, आणि मधोमध ताटलीत हिरव्या केकचा एकच तुकडा उरलेला. तो जो उचलेल तो जिंकला, इतका साधा खेळ. खेळायला चर्चच्या गायकवृंदातल्या चार बायका बसल्या होत्या, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, आणि कंट्रोलर त्यांनी असा धरला होता जसं कुणीतरी आपलं तान्हं मूल घटकाभर सांभाळायला दिलंय. मागे मायकेन उभी होती. खेळाचा हा प्रकार तिनेच रचलेला. तिचा हिशेब असा की तुकडा एकच उरला की चौघी त्याच्यावर तुटून पडतील, ढकलाढकली होईल, हसून हसून पोटं दुखतील.

कसलं काय. गुनवोरने सुरीचं बटण दाबलं, तुकड्याचे दोन भाग केले, एक खाल्ला आणि एक परत ताटलीत ठेवला. एब्बाने त्या अर्ध्याचा अर्धा केला. मग आली तीराची पाळी. तीरा म्हणजे मायकेनची आई. ती म्हणाली, मला नको बाई, पण टाकून कशाला द्यायचा, आणि तिनेही अर्धा केला. असं करत करत तुकड्याचा चुरा झाला, चुऱ्याचा कण झाला, कणाचा ठिपका झाला. तो दिसेनासा झाला तरी बायका अंदाजाने सुरी चालवतच होत्या. शेवटी एका ठिपक्याचे दोन ठिपके करायला सांगितल्यावर संगणकाने हात टेकले आणि पडदा काळा झाला.

"आम्ही काही बिघडवलं का गं?" तीराने विचारलं.

"नाही आई."

"मग जिंकलं कोण?"

कुणीच नाही, असं मायकेनने सांगितलं, तेव्हा चौघींना केवढं हायसं वाटलं.

मायकेनला मात्र नाही. हेर्नोसांद नावाच्या त्या उत्तरेकडच्या गावात, बंदरावर, लोखंडी सामानाच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर त्यांची तिघांची कंपनी होती: मालक सिक्स्टन, दुसरा रचनाकार तागे, आणि मायकेन. दोन वर्षं तिघं मिळून 'धांदल' नावाचा एकच खेळ घडवत होती. चौघांनी एका सोफ्यावर बसायचं, एकमेकांच्या खोड्या काढायच्या आणि भांडून घरी जायचं, असा त्याचा साधा उद्देश. पहिल्याच पडद्यावर आठ चौकोन होते, एकेका प्रकाराला एकेक. त्यातले सात भरले होते. प्रकार सुरू झाला की कोपऱ्यात तो रचणाऱ्याचं नाव झळके, आणि त्या सातांत मायकेनचं नाव कुठेही नव्हतं.

आता ते सात भरले कसे, तेही ऐकण्यासारखं आहे. 'सगळ्यांविरुद्ध सगळे' यात बर्फाच्या लादीवर उभं राहून एकमेकांना समुद्रात ढकलायचं. चाचणीला बोलावलेली गावातली माणसं ढकलत नव्हती असं नाही, पण प्रत्येक धक्क्याआधी "माफ कर हं" म्हणत होती, आणि तेवढ्यात समोरचा सटकत होता. 'एकाविरुद्ध तिघे' यात एकाने दांडगं एल्क हरीण व्हायचं आणि बाकीच्यांना तुडवायचं. ज्याच्या वाट्याला एल्क येई तो, आपल्या एकट्यालाच एवढी ताकद का, म्हणून खंतावून कोपऱ्यात उभा राही. 'जोडीजोडीने' यात सोफा उचलून अरुंद जिन्यावरून वर न्यायचा. एक नवराबायको त्या चाचणीला एका गाडीतून आले, आणि जाताना बायको गाडीने गेली, नवरा चालत. 'फितूर' या प्रकारात चौघांतल्या एकाने गुपचूप घात करायचा असतो. पोस्टातल्या एका सज्जनाकडे ते काम आलं, तर तो उभा राहून म्हणाला, "मीच तो. मला नाही जमत हे." बाकीचे तीनही याच वळणाचे.

यातले दोन प्रकार मुळात मायकेनला सुचलेले. एकदा सिक्स्टन म्हणाला होता, "हे आपण दोघांनी मिळून केलं ना?" आणि ती म्हणाली होती, "अरे, तूच केलंस." दुसऱ्या वेळी तेवढंही विचारायची गरज पडली नाही. मायकेन भिडस्त होती. अख्खं गाव भिडस्त असताना त्यात भिडस्त म्हणून ओळखली जाण्याइतकी भिडस्त. खिडकीजवळचं टेबल तिने तागेला दिलं, खेळ बनवणाऱ्यांच्या गोथेनबर्गमधल्या संमेलनाचं बोलावणं सिक्स्टनला दिलं. उरलेला आठवा चौकोन तिला मनापासून हवा होता, इतका की नुसता विचार केला तरी कान तापायचे, आणि म्हणूनच तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

अडचण अशी की त्याच चौकोनासाठी तागेचाही एक प्रकार तयार होता, आणि तो झकास होता. अख्ख्या इमारतीची मिळून एक धुलाईची खोली, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता, आणि दुसऱ्याची पाळी हळूच आपल्या नावावर करून घ्यायची. बर्फावर माफी मागणारी हीच माणसं इथे वाघ झाली. गुनवोरसारख्या बाईने शेजारणीचे ओले कपडे यंत्रातून काढून जमिनीवर फेकले आणि वर भिंतीला खोचक चिठ्ठी डकवली.

सिक्स्टनला निर्णय घेणं म्हणजे दात काढून घेणं वाटायचं. तो म्हणाला, तुम्ही दोघं आपसांत ठरवा, मला दोन्ही सारखेच आवडतात. मग दोघं कॉफी घेऊन बसले.

"तुझाच ठेवूया," तागे म्हणाला.

"छे, तुझा जास्त जमलाय."

"पण तुझ्यात गोडवा आहे."

"पण तुझा संपतो तरी."

कॉफी निवाली, दुसरी आली, तीही निवाली. दोघांपैकी एकालाही माघार घ्यायची नव्हती, आणि दोघंही माघारच घेत होते. शेवटी तागेच्या डोक्यात प्रकाश पडला: अर्धं अर्धं करूया. तुझा केक, माझी खोली. मायकेननेही मान डोलावली आणि दोघं लगेच कामाला लागले. रात्रीपर्यंत जे तयार झालं ते असं: धुलाईच्या खोलीत, यंत्रांच्या मधोमध, चार जण पाळी लावून केक खाताहेत, आणि पाळी चुकली तर केक धुतला जातोय. पाहताना तोंडात साबणाची चव यायची. दोघांनी एकमेकांना सांगितलं की छान झालंय.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हांबुर्गहून आनेलोरेचा फोन आला, पडद्यावर चेहरा दिसणारा. ही बाई त्यांचा खेळ बाजारात आणणार होती. खेळात काय राहायचं आणि काय जायचं हे तिच्या हातात, आणि ती भीड नावाची गोष्ट घरीसुद्धा ठेवत नसावी. तिने तो अर्धा-अर्धा खेळ शेवटपर्यंत पाहिला आणि चष्मा काढला.

"हा काय प्रकार आहे?"

"आठवा," तागे म्हणाला. त्याला खरंच वाटलं, ती कितवा प्रकार म्हणून विचारतेय.

आनेलोरेने मग स्वच्छ सांगितलं, हे ना धड धुणं, ना धड केक. नुसत्या केकचा प्रकार तिने आपल्या कचेरीतल्या चौघांना खेळायला दिला होता. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपला, आणि दोन जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे खेळ उत्तम आहे. पण तिथे संपतो आणि तुमच्या गावात संपत नाही, तर असला लंगडा खेळ ती विकणार नव्हती. धुलाईचा मात्र आज आहे तसा चालेल.

"तर हा चौकोन हवा कुणाला?" तिने विचारलं.

सिक्स्टन खिडकीतून बंदर न्याहाळू लागला. तागे म्हणाला, मायकेनचा प्रकार फार चांगला आहे, तिला द्यावा. आता मायकेनने 'नाही, तागेचा' म्हणायचं, हे ठरलेलंच होतं. तिने तोंड उघडलंही. आणि त्या क्षणी तिला स्वतःचा असा संताप आला, की आपण काल दिवसभर बसून एका सुंदर केकला साबण लावला, आणि आताही हातात सुरी घेऊनच बसलोय.

"मला हवा आहे," ती म्हणाली. "तो चौकोन मला हवा आहे."

तिला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. कोसळलं काही नाही, फक्त तागेचे कान लाल झाले.

"मलाही हवा होता," तो खाली बघत म्हणाला.

"तर मग काल म्हणाला का नाहीस?"

"तू का नाही म्हणालीस?"

आनेलोरे हांबुर्गमध्ये बसून मनापासून हसली. तिने सांगितलं, पुढच्या शुक्रवारी त्याच चार बायकांना माझ्यासमोर खेळायला बसवा. केक संपला तर चौकोन मायकेनचा, नाही तर तागेचा. यावर कुणाला काही म्हणायचंय का? कुणालाच नव्हतं.

आठवडाभर मायकेन त्या एका तुकड्यापाशी बसली. सुरी तिने पहिल्याच दिवशी काढून टाकली. मग बायका तुकड्याकडे नुसत्या बघत बसतील, हे तिला आईच्या स्वभावावरून माहीत होतं. वेळेची मर्यादा घातली, तर वेळ संपला म्हणून त्यांना हायसंच वाटलं असतं. विचार करता करता ती पुन्हा पुन्हा त्या फोनवरच्या बोलण्यापाशी येऊन थांबे. त्या दिवशी आपल्याला जड काय गेलं? चौकोन घेणं नव्हे. तोंडाने म्हणणं. मग तिने शेवटचा तुकडा उचलायचं बटणही काढलं आणि टेबलावर एक माइक ठेवला. 'मला हवाय' असं जो स्पष्ट म्हणेल, तुकडा त्याचा.

शुक्रवारी चौघी नीट केस विंचरून आल्या, कारण जर्मनीची बाई बघणार होती. केक भराभर खाल्ला गेला आणि एकच तुकडा उरला. मग गुनवोरने माइकला सांगितलं की तीराला द्या. यंत्राने ऐकलं नाही. एब्बा म्हणाली, कुणीतरी घ्या बाई. तेही ऐकलं नाही. दुसऱ्याला देता येत नाही, हे हळूहळू चौघींच्या लक्षात आलं आणि त्या अवघडल्या. एकीने तर विचारलं की आपण घरी गेलो तर चालेल का.

मायकेन मागेच उभी होती. म्हण गं कुणीतरी, तिला ओरडावंसं वाटत होतं, पण बोलायची मुभा नव्हती. पडद्यावर आनेलोरेने घड्याळाकडे पाहिलं. तागे बुटांकडे बघत होता. त्यालाही तो चौकोन हवाच होता, आणि आता तो जवळजवळ त्याच्या हातात आला होता.

तीराने कंट्रोलर मांडीवर ठेवला. आयुष्यभर या बाईने भांड्याच्या तळाचं खाल्लं, सोफ्याचं टोक धरलं, गायकवृंदात एकटीने गायची संधी आली की खोकला आल्याचं सांगून ती गुनवोरला दिली. तिने एकदा मागे वळून लेकीकडे पाहिलं. मग माइककडे झुकून ती पुटपुटली, "मला हवाय."

यंत्र म्हणालं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.

तीराचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. एब्बाने तिचा हात धरला. मायकेनला त्या यंत्राच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि ते तिनेच बनवलेलं होतं.

"मला हवाय," तीरा म्हणाली, आणि या वेळी चर्चच्या मागच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज लागला. "तो तुकडा मला हवाय."

पडद्यावरच्या बाहुलीने तुकडा उचलला आणि एका घासात गट्ट केला. रंगीत कागदांचा पाऊस पडला. कोपऱ्यात मायकेनचं नाव झळकलं. आनेलोरेने टाळ्या वाजवल्या, तागेने मायकेनचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच जोरात दाबला. गुनवोर आधी तीराकडे परकी बाई बघावी तशी बघत राहिली, आणि मग म्हणाली, पुन्हा लावा, आता मी.

तीरा अजून पडद्याकडेच बघत होती.

"एवढंच म्हणायचं होतं होय गं?" तिने विचारलं.

"एवढंच, आई."

"मग मला आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

मायकेनला तरी कुठे कुणी सांगितलं होतं.