अठ्ठ्याऐंशीचा बोल्ट

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या घरी नवे पाहुणे आले की यतिन एकदा तरी म्हणायचाच, "आमच्याकडे तिजोरी आहे, पण दागिन्यांची नाही हं. बायकोच्या बंदुकांची." पाहुणे हसायचे, आणि मग सुनेत्राचा चेहरा बघून गप्प व्हायचे. कारण ते खरंच होतं.

सुनेत्रा मूळची पुण्याची. सिडनीत ती एका कारखान्याच्या मोजमाप विभागात काम करायची. बंदूक चालवायची तिला मुळीच हौस नव्हती. दिवाळीत लवंगी वाजली तरी कानात बोटं घालणारी बाई ती. तिला वेड होतं ते लिथगोच्या कारखान्यात १९१३ साली बनलेल्या पहिल्यावहिल्या रायफलींचं, अगदी लहान सिरियल नंबरवाल्या. डोंगरातल्या त्या गावात असलं काम तोवर कुणाच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या नगांवर शिकाऊ हात दिसतो. कुठे कानस जरा जास्त चाललेली, कुठे आकडा तिरका ठोकलेला. या देशातलं, नव्या नोकरीतलं आपलं पहिलं वर्ष तिला त्यात दिसायचं. लायसन्स काढून, नियम पाळून तिने बारा वर्षांत सहा रायफली जमवल्या होत्या.

त्यातली लाडकी अठ्ठ्याऐंशी नंबरची, बाथर्स्टच्या एका लिलावात मिळालेली. तिच्यात खोट एकच होती. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळीचं तोंड बंद करणारा तो सरकता दांडा, प्रत्येक रायफलीला वेगळा बसवतात आणि त्यावर तिचाच नंबर ठोकतात. अठ्ठ्याऐंशीच्या बोल्टवर मात्र नंबर होता एकशे एकतीस. संग्राहकांच्या संघटनेच्या पत्रिकेत सुनेत्रा दरवर्षी दोन ओळी छापायची, "८८ नंबरचा बोल्ट कुणाकडे आहे का?" अकरा वर्षं उत्तर आलं नव्हतं.

मार्चमध्ये मजी नावाच्या गावाहून फोन आला. बोलणारा कीथ, वय चौऱ्याऐंशी. "पत्रिकेतल्या तुझ्या दोन ओळी वाचल्या. तुझा बोल्ट माझ्या आजोबांच्या रायफलीत आहे, लव्ह. रायफलीचा नंबर एकशे एकतीस. मी लेकीकडे राहायला चाललोय, तेव्हा गुरुवारी ती पोलिसांत जमा करतोय. बघायची असेल तर त्याआधी ये."

जमा झालेल्या बंदुका बहुधा कापूनच टाकतात, हे तिला ठाऊक होतं. शनिवारी सकाळीच ती निघाली. अठ्ठ्याऐंशी पेटीत कुलूपबंद, बोल्ट वेगळा, आणि गाडी चालवायला यतिन.

"आणि म्हातारा नाही म्हणाला तर?" लिथगो मागे पडल्यावर त्याने विचारलं.

"तर निदान बघून तरी येईन."

कीथचं घर अर्धं खोक्यांत भरलेलं होतं. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरून रायफल ठेवली. सुनेत्राने आधी ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग चष्मा सावरून बोल्टवर वाकली. तांदळाच्या दाण्याएवढे दोन आठ. म्हणजे दोन्ही रायफलींच्या बोल्टांची आपसात अदलाबदल झाली होती.

"कीथ, या घरात कधी दुसरीही रायफल होती का?"

कीथचा चेहरा एकदम कठोर झाला. "जॅकची. माझ्या आजोबांचा भाऊ. त्याचं नाव आम्ही घेत नाही."

यतिनने तिच्याकडे पाहिलं. मग कीथच सांगू लागला. कीथचे आजोबा टॉम आणि जॅक एकाच शेतावर राहायचे, दोघंही गावच्या रायफल क्लबात. १९२६च्या ईस्टरला जिल्ह्याची स्पर्धा होती. टॉम जिंकणार हे सगळ्यांनी धरलेलं. त्याची एकेक गोळी लक्ष्याच्या कडेला गेली. आपल्या रायफलीशी जॅकने खेळ केला, असं तो सगळ्यांदेखत बोलला. जॅकने महिन्याभरात शेत सोडलं आणि बाथर्स्ट गाठलं. पुढे एक भाऊ वारला तेव्हा दुसरा त्याच्या मातीलाही गेला नाही.

"बोल्ट कुठे ठेवायचे?" सुनेत्राने विचारलं.

"आजी काढून ठेवायची. घरात पोरंबाळं होती ना. दोन्ही बोल्ट एका साखरेच्या डब्यात, उंच फळीवर. नेमबाजीच्या दिवशी तीच ज्याचा त्याला काढून द्यायची." बोलता बोलता तो थांबला.

सुनेत्राने पिशवीतून निळ्या रंगाची ट्यूब काढली. तिच्या रोजच्या कामातली युक्ती होती ही: दोन भाग नीट टेकतात का ते पाहायचं तर एकाला पातळ निळा रंग लावायचा, टेकेल तिथला रंग पुसला जातो. बोल्ट बंद झाल्यावर ज्या दोन खांद्यांवर तो अडतो, तिथे तिने रंग लावला, अठ्ठ्याऐंशीचा तो बोल्ट कीथच्या रायफलीत सरकवून बंद केला आणि बाहेर काढला. एका खांद्यावरचा रंग पुसला गेला होता. दुसरा जसाच्या तसा निळा.

"एकाच बाजूने टेकतोय. गोळी सुटताना सगळा धक्का तिरका बसणार."

मग तिने स्वतःकडचा एकशे एकतीसचा बोल्ट घेतला, तसाच रंग लावून कीथच्या रायफलीत घातला. तो आत जातानाचा आवाजही वेगळाच, मऊ. बाहेर काढला तर दोन्ही खांदे चकचकीत.

कीथने चष्मा काढून पुसला, परत घातला, बोल्ट खिडकीशी नेऊन पाहिला.

"म्हणजे जॅकने..."

"स्पर्धेतल्या गोळ्या याच कारणाने चुकल्या, असं मी शपथेवर नाही सांगू शकत," सुनेत्रा म्हणाली. "पण चुकायला हे कारण पुरेसं आहे. आणि यात कुणाचाही हात नव्हता. डब्यातून बोल्ट उलटसुलट निघाले, इतकंच."

"ब्लडी हेल," कीथ हळूच म्हणाला. यतिनने उठून किटली लावली.

चहा अर्धा झाल्यावर कीथ म्हणाला, "जॅकची नात आहे, मॉरीन. दर ख्रिसमसला कार्ड पाठवते. मी उघडत नाही." तो उठला, एका खोक्यात बराच वेळ खुडबुड केली आणि न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन आला. सगळ्यात वरचं सुरीने फोडलं. आत फोन नंबर होता.

फोन लावताना त्याची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सुनेत्राने नंबर मोठ्याने वाचून दाखवला. "मॉरीन? मी कीथ," एवढं म्हणून तो थेट बोल्टांची गोष्टच सांगू लागला. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण दोन तासांत एक पांढरी गाडी दारात उभी राहिली आणि तिच्यातून एकोणऐंशी वर्षांच्या बाई उतरल्या, अंगात बागकामाचा मळका शर्ट तसाच.

"कान अगदी आमच्या घरातले आहेत तुझे," मॉरीन त्याला म्हणाल्या, आणि मग दोघंही रडली. यतिन उगाचच अंगणात जाऊन गाडीचे टायर बघत बसला.

सुनेत्राने अठ्ठ्याऐंशी पेटीतून काढली. लिलावात ती कुठून आली होती हे तिला आज कळत होतं. मॉरीनबाईंनी दस्त्यावरून हात फिरवला. "आजोबा गेल्यावर आईने विकून टाकली. मला कुणी विचारलंच नाही."

"तुम्हाला हवी असेल तर..." सुनेत्राच्या तोंडून गेलं. तिची सगळ्यात लाडकी रायफल ती, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"मला? मी कुठे ठेवू, टोमॅटोच्या वाफ्यात? तू सांभाळ. बघायला येऊ दे म्हणजे झालं."

"आणि ही पण," कीथने आपली रायफल तिच्याकडे सरकवली. "गुरुवारी पोलिसांकडे जाणार नाही ती. कागदपत्रं कशी करायची ते सांग."

बोल्ट आपापल्या घरी परतले. एकशे एकतीस नंबरची रायफल परवाना येईपर्यंत गावातल्या परवानाधारक विक्रेत्याच्या कुलपात राहिली, आणि जूनमध्ये सुनेत्रा ती घेऊन आली. तिजोरीत दोघी शेजारी उभ्या आहेत. ऑगस्टात कीथ आणि मॉरीनबाई त्यांना बघायला टूनगॅबीला आले, आणि सुनेत्राच्या हातचे बटाटेवडे खाता खाता दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं: टॉम आणि जॅक, यांतला खरा नेमबाज कोण? निघताना गाडीत बसेपर्यंत ते मिटलं नव्हतं.