इनिडचं पिवळं दार

धुकं उतरलं की शेफील्डच्या त्या टेकडीवरची घरं दिसत नाहीत, नुसती दारं दिसतात. नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांची दारं हिरवी. ज्यानं आपलं घर नगरपालिकेकडून विकत घेतलं, त्यानं आधी काय केलं असेल तर दार रंगवलं. कुणाचं लाल, कुणाचं निळं. इनिड थॅक्रेचं पिवळं. धुक्यात ते तरंगायचं, जणू कुणी दिवा धरून वाट बघत उभं आहे.

त्या दाराआड आज इनिड कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र धरून बसली होती. वय सदुसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपलेली, घरावरच्या गहाणकर्जाची सात वर्षं उरलेली. व्याज वाढलं, हप्ते थकले. आता दोन महिन्यांत घर जाणार होतं.

मागच्या दारानं शेजारचा क्लिफ्टन आला. जन्म जमैकाचा, उभी हयात इथं बस चालवण्यात गेलेली. इनिडनं पत्र घाईघाईनं बिस्किटांच्या डब्यात कोंबलं.

"अगं, डबा कधीपासून पत्रं खायला लागला?"

इनिडचे डोळे भरले. "घर चाललं, आणि चूक माझीच रे. सही माझी आहे."

"वाचून केली होतीस?"

"कशी वाचणार? कर्ज मिळवून देणारा तो दलाल समोर चहा घेत होता. घरी आलेल्या माणसासमोर त्याचेच कागद तपासत बसायचं? बरं दिसतं का ते? त्यानं पेन्सिलीनं फुल्या करून ठेवल्या होत्या. फुली दिसली की मी सही करत गेले."

"मग कागद मागव. आपला कर्जाचा अर्ज बघायचा हक्क आहे आपल्याला."

"नको बाबा! लोक म्हणतील, झेपत नव्हतं तर पिवळं दार कशाला हवं होतं हिला?"

क्लिफ्टननं किटली उतरवून दोन कप भरले. मग हळूच म्हणाला, "माझं दार निळं आहे, इनिड. माझ्याही कागदांवर फुल्याच होत्या. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो आपण, आणि इतकी वर्षं एकमेकांपासून हेच लपवतोय!"

दोघांनी एकाच दिवशी कंपनीला पत्रं टाकली. महिन्याभरानं इनिडच्या अर्जाची प्रत आली. अक्षर तिचं नव्हतं. व्यवसाय: केकच्या दुकानाची मालकीण. उत्पन्न: पगाराच्या तिप्पट! निवृत्तीनंतर हप्ते कसे भरणार, ती चौकट कोरी.

इनिडला ती दुपार आठवली. दलालानं तिच्या केकचे दोन तुकडे खाल्ले होते. 'विकता का हो?' त्यानं विचारलं होतं. 'चर्चच्या जत्रेत विकते की,' ती लाजून म्हणाली होती.

"क्लिफ्टन! अरे, मी दुकानाची मालकीण होते आणि मला कुणी सांगितलंच नाही!" ती हसली, हसता हसता रडली, आणि मग उठून तिनं डोळे पुसले. "मी खोटं बोलले नव्हते रे. खोटं त्यानं लिहिलं!"

इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड स्वतःचा नव्हताच, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिनं कर्जाच्या तक्रारी सोडवणाऱ्या लोकपालाकडे तक्रार केली, नुकसानभरपाई मागितली. चौकशी होईतो घराला हात लागणार नव्हता. पण तिला घरात बसवेना. एका धुक्याच्या सकाळी ती अर्ज काखेत मारून निघाली. लाल दार, जांभळं दार, पांढरं दार. पूर्वी दलाल जिथं जिथं गेला होता, तिथं तिथं ती गेली. "बाई गं, तुझ्या कागदांवर फुल्या होत्या का?" नऊ दारांतून एकच उत्तर आलं. आधी खाली मान, मग हुंदका, मग 'आत ये ना.'

निकाल यायला वर्ष लागलं. जादा घेतलेलं व्याज परत मिळालं, हप्ते पेन्शनीत बसतील असे झाले. पिवळं दार इनिडचंच राहिलं, निळं क्लिफ्टनचं.

वाचकहो, विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. त्या विश्वासावर डल्ला मारणं हा गुन्हा आहे. फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, आणि फसवणारा त्या लाजेवर जगतो. तेव्हा बोला, शेजाऱ्याला विचारा, आपल्या हक्काचं मागा. आणि पाहुणा कितीही गोड बोलणारा असो, त्याचा चहा निवला तरी चालेल. कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.