मी, जुन्या नंबरवरचा मोडेम

मी मोडेम बोलतोय. तोच, इंटरनेट लागायच्या आधी घसा खरवडून घर डोक्यावर घेणारा. हसू आलं ना? हसा. आता कपाटावर मोडक्या पंख्याशेजारी धूळ खात पडलोय.

दुकानातून निघालो तो थेट ताईच्या टेबलावर आलो. डॉक्टर मंडळी बोलून रेकॉर्ड करायची ते अहवाल ताई घरी बसून टाइप करायची. त्या फाइली माझ्यातून उतरायच्या, त्याही मुंगीच्या पावलांनी. मी चालू असलो की घरचा फोन बंद. तार आधी माझ्यात, मग फोनमध्ये. त्यामुळे फोनवरचं सगळं माझ्या कानावरून जायचं.

दुपारी तीनला ताई मला बंद करून तासभर आडवी व्हायची. शुक्रवारी नेमका तेव्हाच फोन वाजायचा. ताईची आई पहिल्या घंटीला उचलायची. पलीकडून शब्द नाही, नुसता श्वास.

"जेवलास का?" आई हळूच विचारायची. "माझे गुडघे बरे आहेत हो. तू नको बोलूस, राहू दे. नुसतं ऐक."

तो तिचा मुलगा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात घर सोडून गेला, अंत्यविधीलाही फिरकला नाही. सगळं ताईने एकटीने निस्तरलं आणि आईला बजावलं, "त्याचं नाव या घरात काढायचं नाही." म्हणून आई सांगायची, मावशीचा फोन होता. मला आईचा राग यायचा. एकदा तरी खरं बोलायचं होतं!

पण ताईला तरी कसा दोष देऊ? माझ्या रडतखडत चालण्यामुळे तिचे अहवाल उशिरा जायला लागले. दोन दवाखान्यांनी काम काढून घेतलं. शेवटी तिने ब्रॉडबँड घ्यायचं ठरवलं. दोन्हींचं भाडं झेपणार नव्हतं, म्हणून घरचा फोन परत करायचा.

"तुला मोबाइल घेतलाय," ती आईला म्हणाली. "मावशीला तो नंबर दे, म्हणजे झालं."

आईने मोबाइलचा नंबर मोठ्या आकड्यांत एका चिठ्ठीवर उतरवला. लाइन शनिवारी जाणार होती. मुलाचा नंबर तिच्याकडे नव्हता, पण मधला शुक्रवार हातात होता.

लाइनमन गुरुवारीच उगवला. "शेजारी काम होतं, म्हटलं तुमचंही उरकून टाकू." ताई खूश. त्याला चहा दिला.

"उद्या या ना," आई म्हणाली. "एकच दिवस."

"आजी, एका दिवसाने काय फरक पडतो?" त्याने तार उपटली. मी मुका झालो.

ताईने लगेच मोबाइलवरून मावशीला फोन लावून दिला. "घे, सांग नंबर." आईने चिठ्ठी बघून सांगितला, एकेक आकडा. मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

ताईचं काम आता झपाट्याने होतं. बिचारी हसायलाही लागली आहे. आणि शुक्रवारी तीनला आई मोबाइलवरून आमचाच जुना नंबर लावते. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगते. आई शेवटपर्यंत ऐकून घेते.

म्हणे सोडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला देतात. तुम्हाला मिळाला असेल, आणि एखाद्या शुक्रवारी पलीकडून कुणी बोललं नाही, तर शिव्या देऊन ठेवू नका. फोन लागेनासा झाला म्हणजे आई गेली, असं त्याने धरलं असेल. ती जिवंत आहे, एवढं त्याला सांगा.