शंभर टक्क्यांची शाळा

सकाळची आवराआवर उरकून शिवणवाली नुकतीच मशीनवर बसली होती. धाकटी लेक शाळेत गेली होती आणि थोरली आतल्या खोलीत आपल्या तान्ह्याला थोपटत होती. तेवढ्यात दारात टेकडीवरच्या शाळेचा शिपाई उभा राहिला.

"ताई, मोठ्या सरांनी बोलावलंय. उद्या येऊन जा."

"कशाला हो मामा?"

त्याने नजर चोरली. "मला कुठं सांगतात ते? या म्हणाले, एवढंच."

तो गेला, पण तिचा पाय काही पुन्हा मशीनवर हलेना. धाकटीचे दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले होते. थोरलीच्या वेळीही याच दिवसांत हाच माणूस हाच निरोप घेऊन आला होता. आतल्या खोलीतले थोपटणेही थांबले होते.

त्या तालुक्यात निकाल लागला की वर्तमानपत्रात सगळ्या सरकारी हायस्कुलांची उतरंड छापून येई. टेकडीवरची शाळा दरवर्षी सगळ्यांत वर, शंभर टक्के. खाणीजवळची शाळा दरवर्षी सगळ्यांत खाली. सरकार तेच, पुस्तके तीच. लोक पेपर वाचून म्हणत, वरचे मास्तर हाडाचे आणि खालचे आळशी. वरच्या शाळेतली कच्ची पोरे परीक्षेआधी गुपचूप खालच्या शाळेत ढकलली जातात, हे पेपरात छापून येत नसे. ज्यांची पोरे ढकलली जात, ते लाजेने गप्प बसत.

थोरली गणितात कच्ची होती. मोठे सर तेव्हा साखर पेरत म्हणाले होते, "तिकडून परीक्षा देऊ दे तिला. तिकडे ताण नाही, पोरगी सहज निघेल." एवढा शिकलेला माणूस आपल्या भल्याचेच सांगणार, असे वाटून आईने शाळा सोडण्याच्या अर्जावर सही केली.

खालच्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते. होते त्यांना 'तात्पुरते' म्हणून वरच्या शाळेत नेले होते, ते परत आलेच नाहीत. वाट खाणीच्या ट्रकांमधून जाणारी. थोरली आधी रोज गेली, मग अधूनमधून, मग जाणेच सुटले. परीक्षेला ती बसलीच नाही. घरी बसलेली पोरगी लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली, तेव्हा बापाने मिळेल ते स्थळ गाठून, वय भरायच्या आतच तिला उजवून टाकले. आता ती तान्हे मूल घेऊन माहेरी परतली होती. सासरी काय झाले, ते तिने कुणाला सांगितले नाही. उंबऱ्याबाहेर ती पाऊलही टाकत नसे.

संध्याकाळी धाकटी घरी आली तीच रडवेली होऊन. "आई, बाईंनी आज आम्हा चौघींना वेगळं बसवलं. म्हणाल्या, तुम्ही आता इथल्या नाहीत."

बापाने हात झटकले. "मोठ्या माणसांशी वाद घालून आपलं काय भलं होणार? सही करून मोकळी हो."

दुसऱ्या दिवशी आई मोठ्या सरांच्या खोलीत गेली. कपाटावर ढाली ओळीने मांडल्या होत्या. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि शाळा सोडण्याचा अर्ज पुढे सरकवला.

"तिकडे ताण नसतो. पोरगी सहज निघेल."

"थोरलीच्या वेळी हेच म्हणाला होतात, सर."

"असं का?" ते हसले. "झाली ना मग पास?"

त्यांना थोरली आठवतच नव्हती.

"परीक्षेलाच बसली नाही ती. पदरात मूल घेऊन घरी बसलीय." तिने अर्ज परत सरकवला. "मी सही करणार नाही."

"आणि नापास झाली तर? शाळेचं नाव धुळीला मिळेल."

"झाली तर तुमच्याच शाळेत होईल. मग पुन्हा शिकवा. शिकवायलाच बसलात ना इथं?"

सरांचे हसू मावळले. ते खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "आपल्या शाळेचे गणवेश तुम्हीच शिवता, नाही का?"

तरी तिने पेन उचलले नाही.

गणवेशाचे काम गेले. मग सरांच्या धाकाने शेजारणींनी ब्लाउज शिवायला टाकणे बंद केले. नवऱ्याने तिच्याशी अबोला धरला. धाकटीच्या वर्गात बाई तिच्या वहीकडे बघेनाशा झाल्या. तरी पोरगी हट्टाने जात राहिली, परीक्षेला बसली, आणि गणितात नापास झाली.

शाळेचा पहिला नंबर गेला. लोक दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलत, "हिच्यापायी गावाचं नाक कापलं." एका दुपारी दारावर दगडही येऊन आदळला. धाकटी मात्र डोळे पुसून पुन्हा गणित सोडवायला बसली. फेरपरीक्षा तिला तिच्याच शाळेतून देता येणार होती.

त्या दिवशी आई दगड उचलून बाहेर टाकत असताना थोरली मागे येऊन उभी राहिली.

"आई, माझ्या वेळी का नाही गं अडून बसलीस?"

आई तिथेच उंबऱ्यावर बसली. थोरलीही तिच्याजवळ बसली. पण 'जाऊ दे' असे काही म्हणाली नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली. एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली भाजीवाली दबकत दारात आली. "सरांनी बोलावलंय मला. माझी तर अजून नववीतच आहे हो! यंदा आत्तापासूनच चाळणी लावलीय म्हणे. एकटीला धीर होत नाही. येता का बरोबर?"

आई पदर सावरत उठली. पण तिच्या आधी थोरलीच पुढे आली. तिने मूल आईच्या मांडीवर ठेवले आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला मावशी, मी येते," ती म्हणाली. "सही केल्यावर काय होतं, ते सरांना मीच सांगते."